शिष्यवृत्ती : अधिकार आणि दक्षता



१९७५ साली झाशीस बुंदेलखंड विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण या भागाच्या दारी आले. परंतु दार उघडले तरी उंबरठा ओलांडण्यास द्रव्य लागते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठ गाठता आले. पुढे १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. राजाचे औदार्य ते शासनाचे कर्तव्य झाले.

या योजनेचा एक नियम परप्रांतात शिकणाऱ्याने विशेष ध्यानी ठेवावा. नागपूरचा रहिवासी झाशीस शिकत असला, तरी त्याची शिष्यवृत्ती उत्तर प्रदेश नव्हे, महाराष्ट्र देतो. कारण विद्यार्थी मूळ जेथील, त्या राज्यावर ती जबाबदारी असते. अर्ज भलत्याच दारी गेला, तर वर्ष हातचे जाण्याचा संभव असतो. म्हणून जातीचा व उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि बँकेतील खाते यांची सिद्धता प्रवेशापूर्वीच करावी. शिष्यवृत्ती ही भिक्षा नव्हे, अधिकार आहे. मात्र तो मुदतीच्या आत मागावा लागतो.