माया लगेच येतेच असं नाही

परवा शहापूरकडच्या आमच्या गटातल्या एका बाळंतिणीला भेटायला गेले. ती हळूच म्हणाली, "ताई, बाळाला बघून मला काहीच वाटत नाही. मी वाईट आई आहे का?"

मी तिला माझंच सांगितलं. लेक झाली तेव्हा पंधरा दिवस मला फक्त झोप हवी होती. माया आली ती तिला पाजता-पाजता, हळूहळू.

बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेली हिरकणी आपल्याला ठाऊक आहे. पण सावित्रीबाई फुल्यांनी यशवंतला जन्म दिला नव्हता, दत्तक घेतलं होतं. तरी त्या त्याच्या आईच ना? बाळाला उराशी धरलं, पाजलं की शरीरात ऑक्सिटोसिन पाझरतं, जवळीक वाढते. बाळ सांभाळणाऱ्या बापालाही माया सुटतेच.

मात्र दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळ नकोसं वाटत असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. आशाताईंना सांगा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. पैसे लागत नाहीत.

आणि सासूबाई, टोमणा नको. तासभर बाळ घ्या, सुनेला झोपू द्या. हिरकणीचं बाळही त्या रात्री कुणीतरी घेतलं असतं, तर तिला कडा उतरावा लागला नसता!