रिळं कुणाच्या कपाटात?

(अभ्यासवर्गात सिनेमा दाखवण्याआधी केलेलं भाषण)



परवा आपल्याच एका पोरानं मला तोंडावर विचारलं, "नळाला पाणी नाही आणि तुम्ही पॅलेस्टाईनचा सिनेमा काय दाखवताय?" बरोबर विचारलं त्यानं. पाण्याचा मोर्चा सोमवारी आहे, तिथं मीही येणार आहे. आज मात्र दहा मिनिटं माझं ऐका, मग मशीन चालू करू.

१९६८ साल. जॉर्डनमधलं अम्मान शहर. तिथं सुलाफा जादल्ला नावाची एक बाई, कैरोत कॅमेरा शिकून आलेली. आधी ती लढ्यात मेलेल्यांचे फोटो धुवायची, तेही घराच्या स्वयंपाकघरात. तिच्याबरोबर हानी जौहरिये आणि मुस्तफा अबू अली हे दोघं. या तिघांनी पॅलेस्टाईन फिल्म युनिट उभं केलं. यांना स्टुडिओ नव्हता, फायनान्सर नव्हता. निर्वासितांच्या छावणीत जायचं, शूट करायचं आणि छावणीतच चादर बांधून लोकांना दाखवायचं. ज्यांचा सिनेमा तेच प्रेक्षक! आपल्याकडचे समांतरवाले फिल्म फेस्टिव्हलच्या एसीत बसून शोषितांवर चर्चा करतात, ती जात वेगळी.

१९६९ साली इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर म्हणाल्या की पॅलेस्टिनी म्हणून कुणी लोक नव्हतेच. माणसाला मारायच्या आधी तो नव्हताच असं ठरवून टाकायचं, ही रीत आपल्याला नवी आहे का? मुस्तफा अबू अलीनं १९७४ साली सिनेमा काढला आणि त्याला नाव दिलं 'ते अस्तित्वात नाहीत'. हाच आपण आज बघणार. त्यात दक्षिण लेबनॉनमधल्या नबातिये छावणीतली एक शाळकरी पोरगी लढणाऱ्या एका अनोळखी माणसाला पत्र लिहिते, सोबत छोटीशी भेट पाठवते. नंतर त्याच छावणीवर विमानं येतात. बास, जास्त सांगत नाही.

हानी जौहरिये १९७६ साली लेबनॉनच्या डोंगरात शूटिंग करताना मेला. कॅमेरा हातात होता.

आता मुद्द्याचं. युनिट पुढं बैरूतला गेलं. तिथं रिळांचा मोठा साठा झाला. लग्नं, मयती, शाळा, लढाया, सगळं त्यात होतं. १९८२ साली इस्रायली फौजा बैरूतमध्ये घुसल्या आणि त्या धामधुमीत तो साठा गायब झाला. कुणी म्हणे पुरलाय, कुणी म्हणे जळला. अझ्झा अल-हसन या बाईनं त्याच्या शोधावरच २००४ साली एक सिनेमा केला. पुढं २०१७ साली रोना सेला या इस्रायली संशोधक बाईनंच आपल्या सिनेमातून दाखवलं की बैरूतमधून लुटलेला बराच माल इस्रायली लष्कराच्या दफ्तरात पडून आहे. दोस्तांनो, जे लोक 'नव्हतेच', त्यांची रिळं जपून कशाला ठेवता रे?

मुस्तफाची बायको खदीजे हबाश्ने स्वतः दिग्दर्शक, बैरूतचा साठा सांभाळणारी. ही बाई वर्षानुवर्षं परदेशात गेलेल्या प्रती हुडकत राहिली. तल अल-झातर छावणीवरचा १९७७चा सिनेमा सापडला कुठं? रोममध्ये, इटलीच्या कामगार चळवळीच्या फिल्म-संग्रहात. म्हणजे कॉम्रेडांनी कपाटात ठेवला म्हणून वाचला.

आणि टॉकीजा. याफा शहरात १९३७ सालचं अल्हाम्ब्रा थेटर होतं. १९४८ साली याफाची बहुतेक अरब माणसं हाकलली गेली. थेटर उभं राहिलं, त्याचे प्रेक्षक गेले. जेनिनचं थेटर १९८७ साली पहिल्या इन्तिफादात बंद पडलं. २०१० साली जर्मन दिग्दर्शक मार्कुस फेट्टर आणि गावातल्या लोकांनी ते परत चालू केलं. २०१६ साली पाडलं, तिथं दुकानांची इमारत करायची म्हणून. ते रणगाड्यानं पाडलं नाही हेही सांगतो. जागेच्या भावानं पाडलं. शत्रू एकच असतो असं समजू नका.

याच याफात इस्रायली आणि अमेरिकन कंपन्यांनी मारधाडीचे सिनेमे शूट केले. कमाल अल्जाफरी या तिथल्याच पोरानं काय करावं? ते सिनेमे घेतले आणि त्यातले हिरो-हिरॉईन पुसून टाकले. उरल्या गल्ल्या, पडकी घरं, आणि मागं चुकून कॅमेऱ्यात आलेली त्याच्या मोहल्ल्यातली माणसं. त्यांनाच जवळ आणून त्यानं २०१५ साली सिनेमा केला. मला हे कळलं त्या रात्री झोप नाही. आपल्या झोपडपट्टीत किती पिक्चरांचं शूटिंग झालं! हिरोच्या मागं नळावर भांडणारी ती बाई कुणाची तरी आईच असेल ना? तिचं नाव कुठल्या यादीत आलं?

आता माझं पाप सांगतो. १९८९ साली मी बारावीत होतो. घरी एक कॅसेट होती. बापानं आमच्या चाळीतल्या जयंतीचा जलसा त्यावर भरला होता. शाहीर आमच्याच गल्लीतला, गिरणीत बदली कामगार. मी गाढवानं त्या कॅसेटवर पिक्चरची गाणी भरून आणली. दहा रुपये वाचवले. शाहीर पुढच्या वर्षी टीबीनं गेला. त्याचं एक कडवंसुद्धा आज कुणाकडं नाही, चाल तेवढी माझ्या म्हाताऱ्या आईला अर्धवट आठवते. माझी कॅसेट कुठल्या फौजेनं लुटली नव्हती. मीच पुसली.

१९५६ साली बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकरांनी पदरचे पैसे घालून चित्रित केली. त्यांनी ते केलं नसतं तर तो जनसागर हलताना आपण कधी बघितला नसता.

मुस्तफाची एक गोष्ट राहिली. त्याचं जन्मगाव मालहा, जेरुसलेमला लागून; १९४८ साली सुटलं. २००३ साली त्याचा हाच सिनेमा जेरुसलेममध्ये दाखवायचं ठरलं. तो राहायचा रामल्लात, अगदी जवळ, पण जेरुसलेमला जायची परवानगी नाही. दोस्तांनी त्याला चोरून आत नेलं. स्वतःचा सिनेमा बघायला माणूस चोरासारखा गेला आणि प्रेक्षकांत बसला. २००९ साली तो वारला.

बाहेर जाताना दाराशी एक वही ठेवलीय. ज्याच्या घरी जुनी कॅसेट, फोटो, हँडबिल, काहीही असेल, त्यानं नाव लिहा. आमची पोरं तुमच्या घरी येऊन उतरवून घेतील, मूळ वस्तू तुमच्याकडंच राहील. पुसू नका, रद्दीत घालू नका.

सिनेमा पंचवीस मिनिटांचा आहे. मागच्यांनी जरा पुढं सरका, ती खिडकी लावा. आणि दादा, दिवा घालवा.