मटक्याची आंकडेमोड

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं स्थानकें ओळीनें लागतात. महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या जागीं फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें; अंबरनाथ तर कारखान्यांचेंच गांव. जेथें पगार रोख हातीं पडतो तेथें आंकडा लावण्याचें व्यसनही पाठोपाठ येतें, हें श्रोत्यांस नव्यानें सांगावयास नको.

या व्यसनाचा उगम कापसांत आहे. न्यूयॉर्कच्या बाजारांतील कापसाचे उघडते व मिटते भाव तारेनें मुंबईस येत आणि त्यांच्या आंकड्यांवर पैजा लागत. १९६१ सालीं ती सोय बंद झाली. मग १९६२ सालीं वरळीस कल्याणजी भगत यांनीं, आणि १९६४ सालीं मूळचे कराचीचे रतन खत्री यांनीं, आपापला आंकडा काढण्यास आरंभ केला. आधीं मडक्यांतून चिठ्ठ्या निघत, म्हणून तो मटका. पुढें पत्त्यांचीं तीन पानें काढण्याची चाल पडली. १८८७ सालचा जुगारप्रतिबंधक कायदा या खेळाच्या वाटेंत आधींपासून उभा होता. पण खेळ कांहीं थांबला नाहीं.

नलराजानें ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकून घेतलें, अशी महाभारतांतील कथा आहे. तें हृदय म्हणजे मंत्र नसून मोजणी होय, असें मानण्यास जागा आहे. कारण ऋतुपर्णानें आधीं झाडाचीं पानें व फळें मोजून दाखविलीं होतीं! मटक्याचें हृदय याच मोजणीनें उघडतें. रीत अशी: जिंकल्यास मिळणारी रक्कम घ्यावी, तिला जिंकण्याच्या संभवानें गुणावें, आणि येणारा गुणाकार लावलेल्या रकमेशीं ताडून पाहावा.

राजा, राणी, गुलाम वगळून ४० पानें उरलीं असें समजावें. दहाचें पान शून्य धरावें. त्यांतून तीन पानें काढण्याचे प्रकार ९,८८०. तिन्ही पानांच्या बेरजेचा एकं स्थानचा अंक हा निकाल. प्रत्येक अंकाच्या वांट्यास बरोबर ९८८ प्रकार येतात, म्हणजे संभव दहांत एक. दर एकास नऊ धरला, तर रुपयामागें ९० पैसे परत. उघडता व मिटता अंक मिळून जी जोडी होते, तिचा संभव शंभरांत एक आणि दर ९०; तेथेंही तेच ९० पैसे.

खरी मौज पत्तीची. तिन्ही अंक निराळे असलेली ठराविक पत्ती ६४ प्रकारांनीं येते. दोन अंक सारखे असल्यास २४ प्रकारांनीं. तिन्ही सारखे असल्यास अवघ्या ४ प्रकारांनीं. दर अनुक्रमें १४०, २८० आणि ६०० असा धरूं. पहिलींत १४० गुणिले ६४, भागिले ९,८८०, म्हणजे सुमारें ९१ पैसे. दुसरींत ६८ पैसे. आणि सहाशेपट देणाऱ्या तिसरींत? केवळ २४ पैसे! बक्षीस जसें फुगतें तसा परतावा आटतो, आणि गरजू मनुष्य नेमका त्याच खिडकीशीं गर्दी करतो.

मागील निकालांचे तक्ते जपून त्यांवरून उद्यांचा आंकडा काढणारे पंडितही गांवोगांव आहेत. पानें नीट पिसलीं असतील तर कालच्या निकालानें वरील ९८८ प्रकारांत एकाचीही भर पडत नाहीं. आणि तीं नीट पिसलीं नसतील, तर त्याचा लाभ पिसणाराच घेईल. हरल्यावर रक्कम दुप्पट करण्याची युक्ति ऐकूं येते. तिनें रुपयामागील १० पैशांची तूट मिटत नाहीं, उलट ती मोठ्या रकमेवर बसते.

जिंकलेलें पुनः अंकावरच लावीत गेल्यास सरासरीनें सातव्या फेरीअखेर रुपयाचे ४८ पैसे उरतात. रोज एक रुपया, वर्षाचे ३०० दिवस, असा हिशेब धरला तर अंकावर सरासरीनें ३० रुपये जातात आणि तिहेरी पत्तीवर २२७. रोजचे पन्नास लावणाऱ्यानें या आंकड्यांस पन्नासांनीं गुणून घ्यावें, आणि तो गुणाकार घरांत किराण्याची वही जेथें ठेवलेली असते तेथेंच लिहून ठेवावा.