उन्हाळ्यात अहमदाबाद: सहल ठरवताना

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



मे महिन्यात सगळ्यांनी मिळून चार दिवस अहमदाबादला जाऊ या, ही सूचना गेल्या दोन बैठकांत आली आणि दोन्ही वेळा हसण्यावारी नेली गेली. भर उन्हाळ्यात अहमदाबाद? महाबळेश्वर काय वाईट आहे? माझं मत विचाराल तर आपण जावं. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

मेच का, तर आपल्यातल्या शिक्षिकांना सुट्टी तेव्हाच असते आणि बऱ्याच जणींची मुलं आजोळी गेलेली असतात. घरातलं काम त्यामुळे थांबत नाही, पण जरा हलकं होतं. एरवी 'चार दिवस जाते' म्हटलं की आधी डबे कोण करणार हा प्रश्न येतो. महाबळेश्वरला मेमधले खोल्यांचे भाव वीस जणींना झेपणारे नाहीत. शिवाय तिथे जाऊन आपण बघणार काय, तर पॉइंट. अहमदाबादला आपली माणसं आहेत.

१९१८ च्या गिरणी कामगारांच्या लढ्यात अनसूया साराभाई मालकांच्या, म्हणजे प्रत्यक्ष स्वतःच्या भावाच्या, विरोधात उभ्या राहिल्या, त्या याच शहरात. १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' उभी केली तीही इथेच. भाजी विकणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या बायकांची ही संघटना. नोंदणीच्या वेळी सरकारी प्रश्न आला, की यांचा मालकच नाही तर या भांडणार कोणाशी? दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये काढून स्वतःची बँक काढली. १९८१ मध्ये ज्या मजूर महाजनच्या छायेत ही संघटना वाढली त्यानेच तिला बाहेर काढलं, तरी ती टिकली. इलाबेन २०२२ मध्ये गेल्या. बचत गटात दरमहा पैसे भरणाऱ्या आपल्यासारख्या बायकांनी हे शहर एकदा पाहायला नको का?

आता उन्हाचं. मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्यातूनच २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. दक्षिण आशियातली ही अशी पहिली योजना. पारा ४१ च्या वर जाणार असेल तर पिवळा इशारा, ४३ च्या वर नारिंगी, ४५ किंवा जास्त असेल तर लाल. आपण निघायच्या आदल्या दिवशी हा इशारा पाहायचा, आणि लाल असेल तर त्या दिवशी दुपारी कोणीही 'मला काही होत नाही' म्हणून बाहेर पडायचं नाही. सोसण्याची आपल्याला इतकी सवय असते की चक्कर येईपर्यंत आपण बोलत नाही.

पत्र्याच्या घरात बसून अगरबत्त्या वळणारी किंवा पतंग चिकटवणारी बाई या उन्हात काय करते, हे मात्र आपण विचारायला हवं. तिला पंखासुद्धा लावता येत नाही, कागद उडतो. कामाची जागा घरच असल्यामुळे सुट्टीची सोय नाही. तिथल्या वस्त्यांमध्ये छपरांना पांढरा रंग देऊन घरं थोडी गार ठेवण्याचं काम बायकांच्या संस्थांनी केलं आहे. २०२३ मध्ये 'सेवा'ने उन्हामुळे बुडणाऱ्या मजुरीसाठी विमाही सुरू केला. हे काम नीट पाहून घ्यावं, असं मला वाटतं. पण बघायला जाताना घोळक्याने कोणाच्या घरात घुसायचं नाही. आधी कळवायचं, आणि त्यांच्या कामाच्या वेळेला हात लावायचा नाही.

दिवसाची आखणी मी अशी सुचवते. पहाटे साडेपाचला बाहेर, दहाच्या आत परत. जेवण, झोप, पत्ते, गप्पा. साडेपाचनंतर पुन्हा बाहेर. रात्री माणेक चौकात खायला जायचं. सकाळी जिथे भाजी विकतात आणि दिवसा दागिने, तिथेच रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. वीस बायका रात्री अकरा वाजता परक्या शहरात रमतगमत खात उभ्या आहेत, याला कोणी 'कार्यक्रम' म्हणणार नाही. मी म्हणते.

शहर दोन्ही बाजूंनी फार पसरलेलं आहे. नदीच्या पूर्वेला जुनं शहर, पश्चिमेला नवं. दोन्ही एका दिवसात करू नका. मेट्रो आहे, २०२२ मध्ये तिचा पहिला टप्पा पूर्ण झाला, आणि दुपारी कुठे जावंच लागलं तर त्या गार डब्यातून जावं.

साबरमती आश्रमात सकाळीच जाऊ. दांडीयात्रा १२ मार्च १९३० ला तिथूनच निघाली. गांधींबरोबर निघालेल्या अठ्ठ्याहत्तर जणांत एकही बाई नव्हती. मार्गारेट कझिन्स यांनी तेव्हाच याला हरकत घेतली होती. हृदयकुंजच्या ओसरीवर बसून यावर भांडायला मला आवडेल.

यापेक्षा अवघड विषय आहे लघवीचा. हसू नका. बाहेर निघायचं म्हटलं की आपण पाणी प्यायचं कमी करतो, कारण जायचं कुठे? मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहीम चालवणाऱ्या बायकांनी हेच मांडलं. त्रेचाळीस अंशांत पाणी न पिणं म्हणजे आजारपणाला आमंत्रण. म्हणून मी म्हणते, आधी स्वच्छतागृहं शोधायची आणि मग प्रेक्षणीय स्थळं ठरवायची. दर दीड-दोन तासांनी जिथे जाता येईल असाच रस्ता धरायचा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रत्येकीच्या बाटलीत. चमचा चहाचा. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे त्यांनी, आणि साखरेचा आजार असलेल्यांनीही, निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. कोणी असंबद्ध बोलू लागली, अंग भाजल्यासारखं तापलं, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

एक संध्याकाळ अडालजच्या वावेसाठी ठेवा. वाव म्हणजे आपली बारव. पाच मजले खोल. १४९९ मध्ये राणी रुडाबाईने ती पूर्ण केली. असारव्यातली दुसरी वावही त्याच काळातली आणि तीही एका बाईनेच, बाई हरीरने, बांधवलेली. खाली उतराल तसा गारवा जाणवतो. पाणी भरायच्या निमित्ताने बायकांनी इथे घटकाभर टेकून गप्पा मारल्या असतील, कारण नुसतं बसायला जाते असं सांगून कोणाला निघता आलं असतं? आणि त्या पायऱ्या कोणत्या जातीच्या बायकांना उतरू दिल्या नसतील, हेही तिथेच बसून बोलू.

राहिला पैशाचा प्रश्न. 'प्रत्येकी सारखे' हा हिशेब मला मान्य नाही. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या आपल्या मैत्रिणींचे चार दिवस खाडे होतात. त्यांचा खर्च प्रवास अधिक बुडालेली मजुरी असा धरायचा. ज्यांचा पगार चालू राहतो त्यांनी जास्त घालायचे, आणि कोणी किती घातले हे फक्त खजिनदाराला ठाऊक असेल. रेल्वेत अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना पूर्वी निम्मी सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये थांबली, तेव्हा म्हाताऱ्यांची पूर्ण तिकिटं धरूनच हिशेब करा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे वीस जणींची चार तिकिटं. मुंबईहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी पोचतो, एक मुक्काम वाचतो.

वही तिकडे दाराशी ठेवली आहे. नाव लिहिताना वय लिहा, खालचा बर्थ हवा का ते लिहा, चालू असलेल्या गोळ्या लिहा. आणि घरी विचारून सांगते म्हणणाऱ्यांनीही नाव आजच लिहून जावं, विचारणं नंतर करता येईल.