विहिरीतला डबा

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळी चहाच्या वेळी तिघाचौघांनी विचारलं, "तू पोलीस खात्यात होतास, पण अंगावर वर्दी कधी दिसली नाही. करायचास तरी काय?" मी अंगुलिमुद्रा तज्ज्ञ होतो. बोटांचे ठसे शोधायचे, जुळवायचे आणि कोर्टात शपथेवर सांगायचे, एवढंच काम.

लोकांचा एक प्रश्न ठरलेला असायचा : वस्तू पाण्यात पडली की ठसे जातात ना? गुन्हेगारांचीही तीच समजूत. म्हणून तर हत्यार विहिरीत नाहीतर नदीत जातं.

याचं उत्तर आपण पहिलीतच पाहिलं होतं. पाटी आठवा. आईने डोक्यावर चपचपीत तेल थापलेलं, डोकं खाजवून तोच हात पाटीला. वरून पाणी ओतलं तरी ते तेलकट बोटावरून सरकून जायचं, डाग तसाच. सदऱ्याच्या बाहीने खसाखसा घासली, की मात्र सगळी पाटी सारखीच तेलकट!

ठशाचंही असंच आहे. बोटांच्या टोकांना घाम येतो, तेल सुटत नाही. तेलकटपणा येतो तो चेहऱ्याला, केसांना हात लागून. घामातले क्षार आणि अमिनो आम्लं पाण्यात विरघळतात. स्निग्ध अंश बराचसा मागे राहतो. म्हणून कोरड्या कागदावर अमिनो आम्लांशी संयोग होऊन जांभळा ठसा दाखवणारं निनहायड्रिन भिजलेल्या कागदावर निरुपयोगी ठरतं. तिथे कागद वाळवून चांदीच्या क्षाराचं द्रावण वापरतात. चांदीचे सूक्ष्म कण स्निग्ध रेषांवर बसतात. काच, पत्रा, प्लास्टिक यांना तर वाळवावंही लागत नाही. मोलिब्डेनम डायसल्फाइडची काळी भुकटी साबणासारखं द्रव्य घातलेल्या पाण्यात ढवळून वस्तूवर सोडायची, मग स्वच्छ पाण्याने हलकेच धुवायची. कण चिकटलेल्या जागी करड्या रेषा उमटतात. वस्तू काळी असेल तर पांढरी भुकटी. लगेच फोटो घ्यायचा. दर वेळी यश येतं असं नाही. पाणी वाहतं की साठलेलं, गोडं की खारं, गाळ किती, दिवस किती गेले, यावर सगळं अवलंबून.

आता एक प्रसंग सांगतो. नोकरीला पाच-सहा वर्षं झाली होती. एका गावात घरफोडी झाली. दागिन्यांचा स्टीलचा डबा दोन दिवसांनी विहिरीत सापडला, रिकामा. संशय घरच्या गड्यावर. तो एकच सांगत होता, "साहेब, मी तो डबा कधी पाहिलासुद्धा नाही." साठलेलं गोडं पाणी, दोनच दिवस, गुळगुळीत स्टील. मी मोठ्या आशेने गेलो. डबा टेबलावर लखलखत होता. कुणीतरी भल्या मनाने, साहेबांना चिखलाचा डबा कसा द्यायचा म्हणून, टॉवेलने आतून-बाहेरून पुसून ठेवला होता.

मी भुकटी वापरून पाहिली. फक्त फराटे उमटले.

ठसा मिळता आणि दुसऱ्याचा निघता, तर तपासाला दुसरी दिशा मिळाली असती. त्याचाच निघता, तर तो खोटं बोलला हे कळलं असतं. ठसा न मिळणं म्हणजे त्याने डबा हाताळला नाही, असंही मला लिहिता येईना. पुराव्याअभावी तो सुटला. पण गावात त्याला पुन्हा कुणी कामावर घेतलं नाही. काही वर्षांनी त्याच भागात गेलो तेव्हा कळलं, बायकोमुलांना घेऊन त्याने गाव सोडलं होतं. तो चोर होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही.

त्यानंतर नव्या पोलिसांच्या प्रत्येक वर्गात माझं पहिलं वाक्य तेच असायचं : पुसू नका. पाण्यातली वस्तू कडेला धरून उचला, त्याच पाण्यात स्वच्छ भांड्यात ठेवा, उन्हात किंवा शेकोटीपाशी वाळवू नका, आणि आम्हाला बोलवा. तुम्हालाही तेच सांगतो. कधी अशी वस्तू दिसलीच, तर हात न लावता पोलिसांना कळवा.

पहिलीच्या आपल्या बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, तेलकट पाटीबद्दल तुम्ही मला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतंत. तो धडा मी पस्तीस वर्षं वापरला.