घर बघण्याआधी गल्ली चालून बघा

(लोहारा येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



लोहाऱ्यातून पुण्याला, मुंबईला, हैदराबादला जाणाऱ्यांची वाट ठरलेली आहे. आधी कॉट बेसिसवर राहायचं, मग चौघांनी मिळून फ्लॅट भाड्याने घ्यायचा, मग लग्न आणि मग स्वतःचं घर. या शेवटच्या पायरीवर आपण फक्त दोन प्रश्न विचारतो. किती स्क्वेअर फूट आहे? आणि आसपास आपली माणसं आहेत का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि पुढची वीस वर्षं कशी जातील हे तोच ठरवतो. घराच्या दारातून पायी निघालं, तर पंधरा मिनिटांत आपण कुठे कुठे पोचतो?

हा शहरी लोकांचा चोचला आहे असं कोणाला वाटत असेल, तर उदाहरण आपल्याच तालुक्यातलं देतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर हे सर्वांत जास्त नुकसान झालेल्या गावांपैकी एक. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावर माळवदाचं ओझं, अशी आपली जुनी घरं होती. झोपेतल्या माणसांवर तीच कोसळली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. ज्याची जमीन जितकी, त्याप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं घर मिळालं.

नवी घरं भूकंपाला टिकतील अशी बांधली, हे फार मोठं काम झालं. त्याला कोणी कमी लेखू नये. पण गावाचा आराखडा शहरातल्या वसाहतीसारखा आखला गेला: रुंद सरळ रस्ते, एकसारख्या रांगा, घराघरांत मोठं अंतर. गाव जुन्यापेक्षा कितीतरी पटींनी पसरलं. जमिनीच्या आकाराप्रमाणे घरं वाटल्यामुळे पिढ्यान् पिढ्या एका बोळात राहिलेले भाऊबंद आणि शेजारी वेगवेगळ्या टोकांना गेले. शेत लांब पडलं. म्हाताऱ्या माणसाला ओट्यावर बसून ज्यांच्याशी बोलायचं, ती माणसंच लांब गेली. घर सुधारलं आणि वस्ती विस्कटली. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, ते माझ्यापेक्षा जास्त सांगतील. पक्की भिंत आणि चांगली वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माणसाला दोन्ही लागतात, हा धडा आपण मराठवाड्यात शिकलो आहोत. शहरात घर घेताना मात्र तो विसरतो.

आपल्या समाजाला हे मुळात माहीत होतं. घर मशिदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावं, हा नियम आपल्या आजोबांना कोणी शिकवावा लागला नाही. पाच वेळा जायचं तर पायीच जाता आलं पाहिजे. जुन्या मुस्लिम शहरांची रचना बघा. मोहल्ल्यात मशीद, मशिदीजवळ बाजार, बाजाराजवळ मदरसा. २०२० मध्ये पॅरिसच्या महापौरांनी ‘पंधरा मिनिटांचं शहर’ ही कल्पना निवडणुकीत मांडली, तेव्हा जगभर तिचं कौतुक झालं. कल्पना तीच होती: रोजच्या गरजेच्या गोष्टी पायी किंवा सायकलने गाठता याव्यात. मी एवढंच म्हणतो, की मशिदीला लावलेला नियम शाळेला लावा, दवाखान्याला लावा, किराणा दुकानाला, वाचनालयाला आणि बस थांब्याला लावा.

आता प्रवासाचं बघू. आपल्याकडे लाल परीची वाट बघायची सवय आहे. लोहाऱ्याला रेल्वे नाही, त्यामुळे तास-दोन तास प्रवासात गेले तर आपल्याला त्याचं काही वाटत नाही. शहरात हीच सवय महागात पडते. साधा हिशेब करा. स्वस्त फ्लॅट लांब मिळाला म्हणून जाताना पाऊण तास जास्त आणि येताना पाऊण तास जास्त, म्हणजे रोज दीड तास. महिन्याचे २२ दिवस धरले तर ३३ तास. वर्षाचे जवळजवळ ४०० तास. कामाचा दिवस आठ तासांचा धरला तर हे ५० दिवस झाले. शिवाय दोन दुचाकी, त्यांचे हप्ते, पेट्रोल, आणि पावसाळ्यात खड्ड्यातून घरी येईपर्यंत आईचा जीव टांगणीला. फ्लॅटच्या किमतीत वाचलेले पैसे असे दुसऱ्या दाराने निघून जातात.

पुण्याचं उदाहरण घ्या. ६ मार्च २०२२ ला मेट्रो सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोचली. कासारवाडी, दापोडी, बोपोडी इथे मेट्रोची स्थानकं आहेत. कासारवाडी आणि दापोडीला लोणावळ्याची लोकलही थांबते. या भागांत दोन खोल्यांचं घर घेणारा माणूस लांबच्या चकाचक टॉवरमधल्या माणसापेक्षा गरीब दिसेल, पण संध्याकाळी तो मुलांचा अभ्यास घेऊ शकेल. कोंढव्यात आपली वस्ती मोठी आहे. मशिदी, शाळा, दुकानं, खाणावळी सगळं हाताशी आहे. चालण्याच्या कसोटीवर कोंढवा अर्धा पास होतो, कारण जवळ सगळं असलं तरी चालायला फूटपाथ कुठे आहे? आणि शहरात जायचं तर बस किंवा स्वतःची गाडी. स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. पण मंजूर मेट्रो आणि धावणारी मेट्रो यांत काही वर्षांचं अंतर असतं. जाहिरातीतल्या ‘मेट्रोपासून पाच मिनिटे’ या ओळीवर पैसे भरू नका. आज जी बस येते, तिचा नंबर विचारा आणि शेवटची बस किती वाजता सुटते तेही विचारा.

मुंबईकडे मुंब्रा बघा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून निघालेली हजारो कुटुंबं तिथे आली आणि वस्ती झपाट्याने वाढली. पायी चालण्यासारखं गाव, मधोमध रेल्वे स्थानक. कागदावर यापेक्षा चांगलं काय असणार? पण ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसं पडली आणि काही जणांचा जीव गेला. स्थानक जवळ असणं आणि गाडीत पाय ठेवायला जागा असणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. म्हणून घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. सोमवारी सकाळी साडेआठला जा आणि त्या स्थानकावरून गाडी पकडून दाखवा.

तिसरा मुद्दा नव्या घरांचा. नवं म्हणजे सुरक्षित, असं आपण धरून चालतो. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाऊंडमधली इमारत कोसळली. ती बांधून झालीही नव्हती. बेकायदा होती, आणि तरी तिच्यात माणसं राहत होती. ७४ जण गेले. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला तारिक गार्डन पडली, १६ जण गेले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. भूकंप न होता पडलेली ही घरं आहेत. नवेपणा रंगात दिसतो, मजबुती कागदात आणि कामात असते.

म्हणून कागद बघायला शिका. २०१६ च्या रेरा कायद्याखाली महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा काम करतं. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो दुरुस्त करणं त्याची जबाबदारी आहे. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. ‘अपना ही आदमी है, कागद बाद में हो जाएगा’ हे वाक्य ऐकलं की तिथून उठा. आपल्या माणसानेच आपल्याला बेकायदा इमारतीत बसवल्याची उदाहरणं आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. विश्वास ठेवा, पण प्रमाणपत्र बघून.

आता ज्या विषयावर आपण आपसांत बोलतो पण मंचावर बोलत नाही, तो विषय. तुम्ही चालण्याजोगी, मेट्रोजवळची, नवी सोसायटी शोधून काढता. ब्रोकर गोड बोलतो. मग नाव विचारतो. नाव सांगितलं की घर ‘कालच गेलेलं’ असतं. मीही हे ऐकलं आहे आणि या सभागृहातले जे शहरात राहून आलेत, त्यांनीही ऐकलं असेल. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात असुरक्षिततेमुळे मुस्लिम एकाच भागात गोळा होतात आणि मग त्या भागाकडे पालिकाही दुर्लक्ष करते, हे चक्र नोंदवलेलं आहे. २००५ मध्ये गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपनियम मान्य केला. म्हणजे कायदा प्रत्येक वेळी आपल्या बाजूने उभा राहील असं नाही.

पण कायदा पूर्ण पाठ फिरवूनही उभा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. अर्ज नाकारला तर कारणासह कळवावं लागतं, आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सदस्य झाला असं मानलं जातं. म्हणून अर्ज नेहमी लेखी द्या आणि पोच घ्या. भाडेकरूला हे संरक्षण नाही, हेही लक्षात ठेवा. तिथे मित्र, सहकारी, ओळखीचे शेजारी यांचाच आधार असतो, आणि ही ओळख आधीपासून ठेवावी लागते.

मिश्र वस्तीत राहावं की आपल्या वस्तीत? मी कोणाला हुकूम देणार नाही. ज्याने दंगल पाहिली, त्याच्या भीतीला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. मात्र भीतीने निवडलेलं घर आणि विचाराने निवडलेलं घर यांत फरक करा. मिश्र वस्तीत मुलं एकमेकांच्या घरी खेळतात, ईदला शीरखुर्मा वरच्या मजल्यावर जातो आणि दिवाळीला फराळ खाली येतो. ही छोटी गोष्ट नाही. आणि आपल्या वस्तीत राहायचं ठरवलं, तर तिथला फूटपाथ, गटार, बस आणि शाळा यांसाठी वॉर्ड ऑफिसात जाणं हे आपलं काम आहे. वस्ती आपली म्हणायची आणि कचरा पालिकेचा म्हणायचा, हे चालणार नाही.

मुलींशी वेगळं बोलायचं आहे. चालण्याजोग्या वस्तीचा सर्वांत मोठा फायदा तुम्हाला आहे. जिथे रस्त्यावर दिवे आहेत, दुकानं उशिरापर्यंत उघडी आहेत, बस दर दहा मिनिटांनी येते, तिथे नोकरीला जायला भाऊ किंवा नवरा सोबत लागत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा आपल्याच स्टँडवर किती बायका दिसू लागल्या ते आठवा. प्रवास सोपा झाला की बाई घराबाहेर पडते. म्हणून घर बघायला जाताना तिला सोबत न्या, आणि तिला संध्याकाळी साडेसातला स्थानकापासून घरापर्यंत चालून बघू द्या. तिने नाही म्हटलं तर ते घर नाही. शिवाय महाराष्ट्रात २०२१ पासून निवासी घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बहिणीचा, बायकोचा हक्क देताना सरकार पैसेही वाचवून देतंय, तर हात का आखडता घ्यायचा?

व्याजाचा प्रश्न अनेकांच्या मनात आहे हे मला माहीत आहे. ज्याला कर्ज नको, त्याने भाड्याने राहावं. चांगल्या वस्तीत भाड्याने राहणं यात कमीपणा नाही. लांबच्या माळावर नावाची पाटी लावण्यापेक्षा ते पुष्कळ वेळा शहाणपणाचं असतं.

शेवटी एवढंच करा. जे घर आवडेल, तिथे आठवड्याच्या दिवशी जा आणि गाडी लांब लावा. शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत, मशिदीपर्यंत, भाजीपर्यंत आणि बस थांब्यापर्यंत चाला, आणि प्रत्येक वेळी घड्याळ बघा. पावसाळ्यात पुन्हा एकदा जा. आपल्या अम्मीला आणि एखाद्या लहान पोराला सोबत घ्या. रस्ता ओलांडताना त्यांचा हात जितका घट्ट धरावा लागेल, तितकी ती वस्ती नापास समजा.

आणि हे फक्त पुण्या-मुंबईसाठी नाही. लोहाऱ्यातही नवे प्लॉट पडतायत, गावाबाहेर सरकतायत. तिथे आजच रस्त्याच्या कडेला चालायला जागा, झाडं आणि शाळेची वाट मागा. नगरपंचायतीला लेखी मागा. घरं एकदा उभी राहिली की गल्ली रुंद करता येत नाही.