सत्यवचनास समाजाची साथ

चित्रपटातील नायक तीन तासांत भ्रष्टाचाराचा नायनाट करून विजयी होतो. वास्तव निराळे आहे. माहिती अधिकाराच्या बळावर जमिनींचे गैरव्यवहार उजेडात आणणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास निघाले असता त्यांची हत्या झाली. अशा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला, परंतु अमलात आला नाही.

चोरीचा माल घेणे व खोटी वजनमापे वापरणे, हे तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताचे अतिचार मानले आहेत. आपले माप चोख ठेवणाऱ्या श्रावकाने दुसऱ्याचे खोटे माप दाखविणाऱ्यास एकटे पाडू नये. पडद्यावर एकटा नायक पुरतो. हिमायतनगरासारख्या गावात मात्र सत्य बोलणाऱ्यामागे समाजालाच उभे राहावे लागते.